सब आउट नाही, मग सबवूफर जोडायचा कुठे?

वाचकाचं पत्र: नमस्कार. वर्षभरापूर्वी एडिफायरचे आर १२८०टी हे बुकशेल्फ स्पीकर घेतले. टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही त्यालाच लावलेत. हॉल १० बाय १२ फुटांचा, तिसऱ्या मजल्यावर. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि नाट्यपदं, शनिवारी मुलांबरोबर सिनेमा. आवाज स्वच्छ आहे, पण डग्गा पोकळ वाटतो आणि सिनेमात दणका नाही. सबवूफर घ्यावा म्हणतो, बजेट १५ हजार. स्पीकरच्या मागे 'सब आउट' (सबवूफरला सिग्नल देणारं सॉकेट) मात्र नाहीच. दुकानदार म्हणतो, डाव्या स्पीकरला जाणाऱ्या वायरीवरच जोडून टाका, काही होत नाही. जोडू का? खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं, त्यांचाही विचार करावा लागेल. – एक वाचक, नाशिक

उत्तर: नका जोडू. त्या दुकानदाराने आणखी कोणाला तसं जोडून दिलेलं तुम्हाला माहीत असेल, तर त्यालाही काढायला सांगा.

तुमच्या जोडीत अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात आहे. दुसऱ्या डब्याकडे नुसती लाल-काळी वायर जाते. काही सबवूफरच्या मागे 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर इनपुट' लिहिलेल्या चिमट्या असतात आणि त्या अशाच वायरींसाठी असतात, म्हणून दुकानदाराचं बोलणं वरवर पटतं. अडचण आत आहे. स्वस्त पॉवर्ड स्पीकरमध्ये हल्ली बहुतेकदा क्लास डी प्रकारची अ‍ॅम्प्लिफायर चिप असते आणि ती बऱ्याचदा ब्रिज जोडणीत चालवलेली असते. अशा जोडणीत काळी वायर म्हणजे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची बाजू, नव्हे. लाल आणि काळी, दोन्हींवर पुरवठ्याच्या निम्मा व्होल्टेज बसलेला असतो आणि दोन्ही एकमेकींच्या उलट हलतात. सबवूफरच्या चिमट्यांतली काळी बाजू मात्र अनेक मॉडेलांत थेट त्याच्या ग्राउंडला जोडलेली असते. ही दोन ग्राउंड टीव्हीच्या केबलमधून, अर्थिंगमधून, कुठूनही एकत्र आली की अ‍ॅम्प्लिफायरची अर्धी बाजू शॉर्ट. संरक्षण असेल तर स्पीकर नुसते गप्प होतील, नसेल तर चिप गेली. आणि एवढं करून सबवूफरला मिळणार एकाच बाजूचा सिग्नल.

सुरक्षित रस्ता आहे आणि तो फार महागही नाही. पण 'डग्गा पोकळ वाटतो' हे तुमचं वाक्य वाचून आधी दुसरीच शंका येते.

डाव्या डब्याच्या वायरीची लाल-काळी टोकं एका बाजूला उलटी लागली असतील, तर एक स्पीकर पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढतो. वरच्या स्वरांत फारसा फरक पडत नाही, पण खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. गायिकेचा आवाज ठीक, तानपुरा ठीक, आणि डग्गा मात्र रिकाम्या डब्यावर थाप मारल्यासारखा. घर झाडताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत वायर निघते, घाईत परत लावली जाते आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. तपासायचं असं: बातम्यांसारखा एकट्या माणसाचा आवाज लावा आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसा. आवाज दोघांच्या मधोमध एका ठिकाणाहून आला पाहिजे. तो पसरट आणि कुठूनही येतोय असं वाटलं, तर स्विच बंद करून वायर फक्त एका टोकाला उलटी लावा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बास जास्त, ती बरोबर. वायरीचे केस चिमटीबाहेर येऊन शेजारच्या टोकाला टेकत नाहीत ना, हेही तेव्हाच बघून घ्या.

दुसरी गोष्ट जागा. स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलून ठेवले असतील तर बाहेर काढा. खण हा स्वतःच एक डबा असतो आणि १५० ते २०० हर्ट्झच्या आसपास घुमतो, त्या घुमण्याखाली खरा बास ऐकूच येत नाही. खणातून काढता येत नसतील तर निदान स्पीकरचं तोंड खणाच्या कडेच्या इंचभर पुढे आणा. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला; दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं. या मॉडेलचं बासचं भोक पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे मागे भिंत चार-सहा इंचांवर असली तरी चालते. चार इंची स्पीकरला भिंतीचा आधार उलट हवाच असतो. कोपरा मात्र टाळा. बाजूची बास आणि ट्रेबलची बटणं मधल्या खुणेवर ठेवा. पंधरा दिवस असं ऐका. शास्त्रीय संगीतापुरती तक्रार इथेच मिटण्याची बरीच शक्यता आहे. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर येतो. तिथपर्यंत चार इंची स्पीकर कुरकुरत का होईना, पोहोचतो.

त्याच्या खाली मात्र पोहोचत नाही, आणि त्यात कंपनीचा दोष नाही. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलत्या पडद्याला, चौपट पुढे-मागे हलावं लागतं. चार इंची कोनला मुळात हलायला जागा काही मिलिमीटर. त्यात भोक असलेल्या डब्यात भोकाच्या सुराच्या खाली कोनच्या पाठीमागचा हवेचा आधारच सुटतो. बासचं बटण फिरवून हे भरून निघत नाही, कोन फडफडतो आणि त्या फडफडीत मधले सूरही गढूळ होतात.

सिनेमाबद्दल आधीच सांगून ठेवतो, नंतर निराशा नको. सिनेमातले मोठे स्फोट आणि गडगडाट बऱ्याचदा एका वेगळ्या बास चॅनेलवर ठेवलेले असतात. टीव्ही जेव्हा ५.१ ध्वनी दोन स्पीकरसाठी स्टिरिओत बसवतो, तेव्हा तो चॅनेल सहसा सोडून दिला जातो. मुख्य चॅनेलमधला बास राहतो आणि तोही भरपूर असतो. त्यामुळे सबवूफर लावल्यावर सिनेमा नक्की भरदार होईल, पण थिएटरसारखी खुर्ची हलण्याची अपेक्षा या जोडणीकडून ठेवू नका.

आता खरेदी. तुमच्या बजेटमध्ये ८ इंची, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर शोधा. १० इंचीसाठी एकतर पैसे ताणावे लागतील किंवा वापरलेला घ्यावा लागेल. १० बाय १२ च्या हॉलला ८ इंची पुरतो. खोक्यावरच्या पीएमपीओ आकड्याकडे बघूच नका, त्या आकड्याला कसलाही अर्थ नाही, आरएमएस म्हणजे सलग देता येणारे वॅट बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागची पाटी वाचा. तिथे डावं-उजवं लिहिलेले दोन आरसीए इनपुट, आवाजाचं बटण, 'लो पास' किंवा 'क्रॉसओव्हर' लिहिलेलं फिरतं बटण (सबवूफरने कुठल्या सुराच्या वर गप्प बसायचं ते ठरवणारं), फेजचा (सबवूफरचं पुढे-मागे हलणं उलटवणारा) ० आणि १८० असा स्विच, आणि 'ऑटो / ऑन' असा स्विच हवा. यातलं लो पासचं बटण नसेल तर तो सबवूफर तुमच्या कामाचा नाही.

दोन सापळे टाळा. साउंडबारबरोबरचा वायरलेस सबवूफर सुटा आणि स्वस्त विकायला दिसतो. तो सहसा फक्त आपल्याच साउंडबारशी बोलतो, वायर लावायला त्याला जागाच नसते. दुसरा, जुन्या २.१ किंवा ४.१ सेटमधला वूफरचा डबा. तो ८०-१०० हर्ट्झला एकच सूर 'भुम्म' करत बसतो आणि त्याचा क्रॉसओव्हर बदलता येत नाही. डग्ग्याची घिस्सा आणि चप्पल आपटल्याचा आवाज त्यातून सारखाच येतो. वापरलेला चांगला सबवूफर घ्यायला हरकत नाही, पण कोनभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून बघा. रबराची असेल तर टिकते. फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत, आणि दमट हवेत त्याआधीच, तिचा भुगा होतो. मोबाइलवरून ३० ते ४० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा. खरखर किंवा टकटक आली तर घेऊ नका. काही इनपुट न लावता नुसता चालू केला तर कानाला हम, म्हणजे सततची घूंघूं, ऐकू येता कामा नये.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टीपीए ३११६ चिपचा '१०० वॅट मोनो' बोर्ड मिळतो, तो घेऊन सुतारकामासह घरीच सबवूफर करायचा मोह हल्ली अनेकांना होतो. हरकत नाही, पण ते १०० वॅट २ ओहमच्या भाराला आहेत. बाजारात सहज मिळणाऱ्या ४ ओहमच्या ८ इंची स्पीकरला साधारण निम्मे धरा. आणि डब्याचं माप त्या स्पीकरच्या आकड्यांवरून काढावं लागतं, कपाटातल्या जागेवरून नव्हे.

आता जोडणी. तुमच्या स्पीकरला सब आउट नाही, म्हणून सिग्नल स्पीकरच्या आधीच दोन वाटांना फोडायचा. सामान एवढंच: ३.५ एमएम पिनपासून दोन आरसीए अशा दोन केबल (एक टीव्हीला, एक लॅपटॉपला), दोन स्रोतांतून एक निवडणारा आरसीए सिलेक्टर, 'वाय' आकाराचे दोन जोड (एका बाजूला आरसीए पिन, दुसऱ्या बाजूला दोन सॉकेट), वायपासून स्पीकरपर्यंत एक आखूड आरसीए जोडी, आणि सबवूफरपर्यंत पाच मीटरची एक आरसीए जोडी. 'सबवूफर केबल' नावाने महाग विकतात ती घेण्याची गरज नाही, शिल्ड असलेली साधी केबल चालते.

टीव्हीच्या आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून निघा, सिलेक्टरमध्ये या, सिलेक्टरच्या डाव्या-उजव्या आउटपुटला एकेक वाय, आणि प्रत्येक वायची एक शाखा स्पीकरला, दुसरी सबवूफरला. सिलेक्टर आधी आणि वाय नंतर, हा क्रम महत्त्वाचा. तुमच्या स्पीकरला दोन इनपुट आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात, म्हणून टीव्ही एकात आणि लॅपटॉप दुसऱ्यात लावायची सवय झालेली असेल. तसंच ठेवलं तर सबवूफरला त्यातलं एकच ऐकू येईल. पुढे ब्लूटूथ रिसीव्हर घेतलात तर तोही सिलेक्टरच्या आधी.

हेडफोन जॅकच का? कारण सगळी मेख आवाज कमी-जास्त करण्यात आहे. वायपासून पुढे दोन वेगळ्या वाटा झाल्या. स्पीकरवरचं व्हॉल्यूमचं बटण फक्त स्पीकरचा आवाज बदलणार, सबवूफरला त्याची खबरही लागणार नाही. रात्री स्पीकरचा आवाज कमी केलात की सबवूफर तसाच घुमत राहील आणि खालचे आजोबा वर येतील. म्हणून आवाज वायच्या आधीच कमी-जास्त झाला पाहिजे, आणि टीव्ही-लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून येणारा सिग्नल त्यांच्या स्वतःच्या व्हॉल्यूमबरोबर बदलतो. टीव्हीला हेडफोन जॅक नसेल, फक्त ऑप्टिकल असेल, तर ऑप्टिकलचा सिग्नल सहसा एकाच पातळीवर येतो. तेव्हा व्हॉल्यूमचं बटण असलेला डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा सिग्नल करणारी डबी) मधे घ्या.

एकदा असं करा: लॅपटॉपचा आवाज ८० टक्क्यांवर ठेवा, आणि घरात कधीही ऐकाल तेवढ्या मोठ्यात मोठ्या आवाजापर्यंत स्पीकरचं बटण आणा. मग ते तिथेच सोडा. स्पीकरबरोबर आलेला रिमोट ड्रॉवरमध्ये टाका. हे गमतीने म्हणत नाही. महिन्याभराने 'सबवूफर बिघडला, फारच घुमतोय' अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा घरातल्या कोणीतरी या रिमोटने स्पीकर दोन घरं खाली केलेले असतात.

सबवूफरला डावं-उजवं असे दोन इनपुट असतील तर दोन्ही लावा, आतमध्ये तो ते एकत्र करतो. 'एलएफई' लिहिलेलं इनपुट वापरू नका. तिथे सहसा लो पासचं बटण बाजूला पडतं आणि सबवूफर गायिकेबरोबर गायला लागतो. एकच मोनो इनपुट असेल तर दोन शाखा वायने सरळ एकत्र बांधू नका. दोन आउटपुट एकमेकांत घातले की ते आपसात भांडतात आणि शिवाय स्पीकरचा स्टिरिओही मोनो होतो. प्रत्येक शाखेत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग एकत्र करा. टीव्ही दुरुस्तीवाला पाच मिनिटांत सोल्डर करून देईल.

या पद्धतीत एक उणीव राहते. सबवूफर आला तरी स्पीकरला पूर्वीचाच सगळा बास जात राहतो, म्हणजे चार इंची कोनचं ओझं हलकं होत नाही. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोजा. सुती मोजा गुंडाळून पुढच्या भोकात घट्ट बसवा. भोक बंद झालं की डबा सीलबंद डब्यासारखा वागतो: खालच्या सुरांत कोनला हवेची गादी मिळते आणि आवाज कड्यावरून कोसळावा तसा न पडता उतारासारखा कमी होतो, त्यामुळे सबवूफरशी सांधा नीट बसतो. मोजा आत निसटणार नाही एवढा मोठा घ्या.

नेटकं हवं असेल तर स्पीकरकडे जाणाऱ्या प्रत्येक शाखेत एक फिल्म कपॅसिटर घालता येतो. स्पीकरचा इनपुट इम्पीडन्स १० किलोओहम असेल तर ०.२२ मायक्रोफॅराडने सुमारे ७२ हर्ट्झच्या खाली हलका उतार मिळतो. २० किलोओहम असेल तर ०.१ लागेल. इम्पीडन्स मोजायला २०० हर्ट्झचा सूर लावून १० किलोओहमचा रेझिस्टर मधे घाला, आणि स्पीकरच्या इनपुटवरचा व्होल्टेज रेझिस्टरशिवाय किती आणि रेझिस्टरसह किती ते बघा. निम्मा झाला तर इम्पीडन्स १० किलोओहम. फक्त तो नेहमीचा स्वस्त पिवळा मल्टिमीटर इथे चालत नाही, त्याची एसीतली सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते. २ व्होल्टची रेंज असलेला लागतो. एवढी खटपट नको असेल तर मोजा पुरेसा आहे.

जागा ठरवायला सबवूफर आधी चक्क तुमच्या बसण्याच्या जागी, सोफ्यावर ठेवा. बेस गिटारची स्पष्ट चाल असलेलं एखादं गाणं सुरू करून हॉलभर रांगा, कान जमिनीपासून फूट-दीड फुटावर. काही ठिकाणी काही सूर गायब होतील, काही ठिकाणी एकच सूर फुगेल. जिथे सगळे सूर सारख्या जोराने येतात तिथे खडूने खूण करा, सबवूफरची जागा ती. याला कारण खोलीची मापं. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झ घुमतो, १० फुटांच्या रुंदीत ५६. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा ५९, म्हणजे रुंदीला जवळजवळ चिकटून. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर हे तिन्ही एकदम पेटवतो. आवाज भरपूर येतो, पण सगळं संगीत त्याच दोन-तीन सुरांत बोलायला लागतं. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो फूट-दीड फूट पुढे घ्या. बरोबर खोलीच्या मधोमध मात्र बसू नका, तिथे ४७ जवळजवळ नाहीसा होतो.

तुमच्या बाबतीत सोफ्याच्या शेजारची जागा आवर्जून तपासा. सबवूफर कानाजवळ असला की कमी आवाजात भागतं, आणि खालच्या मजल्याचा प्रश्न असलेल्या घरात याहून चांगली युक्ती नाही. फक्त फेजकडे लक्ष द्या. सबवूफर ३ फुटांवर आणि स्पीकर ८ फुटांवर असतील तर सबवूफरचा आवाज सुमारे ४.४ मिलिसेकंद आधी पोहोचतो. ८० हर्ट्झचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, म्हणजे सबवूफर एक तृतीयांश आवर्तन पुढे पळतोय. तबलजी इतका पुढे गेला तर गायक वळून बघेल. ८० हर्ट्झचा सूर लावून दुसऱ्या कोणाला फेजचा स्विच ० आणि १८० वर करायला सांगा, तुम्ही जागेवर बसून ऐका. ज्या बाजूला आवाज मोठा, ती ठेवा. वायरचा गुंता नको म्हणून सबवूफर ब्लूटूथने जोडायचा विचार मनात आला तर इथेच सोडा. तिथला उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि तो कोणत्याच स्विचने भरून येत नाही.

क्रॉसओव्हर कुठे ठेवायचा ते स्पीकरलाच विचारा. सबवूफर बंद करून मोबाइलच्या टोन जनरेटर अ‍ॅपवरून १०० हर्ट्झपासून दहा-दहाने खाली या, मध्यम आवाजात. ज्या सुराला स्पीकर स्पष्ट गळतात तिथे सबवूफरचं बटण आणा. तुमच्या जोडीसाठी ते ६५ ते ८० च्या मधे कुठेतरी येईल. बटणाभोवती छापलेले आकडे ढोबळ असतात, त्यांच्यावर फार विसंबू नका. मग आवाजाचं बटण शून्यावर नेऊन हळूहळू वर आणा, सबवूफर वेगळा ऐकू आला की थांबा आणि थोडं मागे या. आता पुन्हा पुरुष निवेदकाच्या बातम्या लावा. निवेदक माठात तोंड घालून बोलतोय असं वाटलं, किंवा त्याचा आवाज सोफ्याच्या बाजूने येतोय असं वाटलं, तर क्रॉसओव्हर अजून खाली घ्या. बातम्यांच्या वेळी सबवूफर बंद आहे की चालू हे ओळखू येता कामा नये. डग्ग्यावर मात्र लगेच कळलं पाहिजे.

रात्री हळू ऐकताना बास पुन्हा कमी वाटेल. यात जोडणीचा दोष नाही. कमी आवाजात आपला कानच खालच्या सुरांना बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. त्यासाठी सबवूफर वाढवलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत कमी करायला विसरू नका. हळू आवाजात सबवूफर मधूनच झोपी जात असेल तर 'ऑटो' चा स्विच 'ऑन' वर करा.

जोडल्यावर हम आला, आणि तो येण्याची शक्यता आहे, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. हम गेला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली गेली आहेत. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, आरसीए केबल मेनच्या वायरीबरोबर समांतर नेऊ नका, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर खालचे सूर खातो, म्हणून ती सबवूफरच्या वाटेत न घालता लॅपटॉपच्या वाटेत, सिलेक्टरच्या आधी घालून बघा. तरी थोडा बास जाईलच. अर्थची पिन कापून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. वीज गेल्यावरच हम येत असेल तर तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा असतो.

मग घर वाजायला लागेल. २५ ते १२० हर्ट्झचा हळू चढणारा सूर लावून फिरा: शोकेसची सरकती काच, माळ्याचं दार, खिडकीचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक, ट्यूबलाइटची पट्टी, पंख्याची वाटी, आणि शोकेसमधले एकमेकांना टेकलेले पितळी दिवे. प्रत्येक वस्तू आपापल्या सुराला उठते. जिथे खडखड येईल तिथे फेल्टची चिकटणारी टिकली लावा. सबवूफरच्या 'खराब आवाजा'च्या तक्रारींतला बराच भाग या टिकल्यांनी सुटतो.

खालच्या आजी-आजोबांसाठी सबवूफरखाली वॉशिंग मशीनचे रबरी पाय लावा. स्लॅबला थेट जाणारी थरथर त्याने कमी होते. हवेतून जाणारा ४० हर्ट्झ मात्र कुठल्याही गादीने अडत नाही, तो स्लॅब हलवतोच. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आकडा कमी दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका: हे मोजमाप ज्या ए वजनाने होतं ते ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा धरतं, आणि मोबाइलचा माइकही तिथे कच्चाच असतो. खालच्या घरी जाऊन एकदा स्वतः ऐका, वर मुलांना सिनेमा लावायला सांगून. सबवूफरची पिन एक्स्टेंशन बोर्डच्या अशा सॉकेटमध्ये लावा ज्याला स्वतःचा स्विच आहे आणि जो सोफ्यावरून हाताला येतो. दहा वाजले की तो स्विच बंद, स्पीकर चालू. आणि स्पीकरला स्वतःचा बास परत मिळावा म्हणून रात्रभरासाठी भोकातला मोजा काढून ठेवलात तर मालकंस पहाटेपर्यंत ऐकता येईल.